काकूंची गंगा आणि सात नंबरची खोली

फणसवाडीत दुर्गाकाकूंचं नाव निघालं की पहिली आठवण नळाची. मुन्शिपाल्टीनं वाडीत नळ द्यायचं काढलं तेव्हा काकू आलवणाचा पदर खोचून वाडीच्या तोंडाशी उभ्या राहिल्या होत्या. "त्या चावीच्या पोटात कातड्याची चकती असते म्हणे! ते पाणी देवाला घालायचं होय रे मेल्यांनो?" नळवाले गेले ते गेलेच. वाडी आपली विहिरीवर राहिली.

घरात तर सोवळ्याचा आणखी कहर. धाकट्या जावेनं एकदा देवघरातली गंगा आटत आली म्हणून 'गंगेत पडेल ते गंगाच' म्हणत तीत विहिरीचं भांडंभर पाणी घातलं, तर काकूंनी तिला आठवडाभर देवघराचा उंबरा ओलांडू दिला नाही. "गंगा ती गंगा. वाढवायला ती काय आमटी आहे?"

अशा काकू पन्नाशी उलटल्यावर काशी करून आल्या. बरोबर लाखेनं तोंड बंद केलेला गंगेचा गडू, आणि विश्वेश्वरासमोर बोललेला नेम: देवघरात पोचेतो गडू भुईला टेकवायचा नाही. सगळा आगगाडीचा प्रवास त्यांनी तो तान्ह्या पोरासारखा मांडीवर वागवला.

पण बोरीबंदरला उतरल्या त्या नेमक्या अवसेच्या दिवशी. काशीहून आलेलं माणूस चोरासारखं घरात शिरत नाही. त्याला वाजतगाजत न्यायचं, गंगापूजन करायचं, मावंद्याचं जेवण घालायचं. ते सगळं उद्यावर. तोवर वाडीत पाऊल नाही, आणि धर्मशाळा तर ठासून भरलेल्या. घ्यायला आलेला धाकट्या जावेचा मुलगा रमाकांत कोटातल्या एका बड्या हाटेलात कारकून होता. त्याच्या पारशी शेठनं मोकळ्या मनानं सांगितलं, "अरे, तुजी काकी ते माजी काकी! सात नंबर खाली हाय, ने तिला."

काकूंनी सात नंबरच्या उंबऱ्यावरूनच खोली न्याहाळली.

"ती गादी कशाची रे?"

"पिसांची."

"कोंबडीच्या?"

"बदकाच्या असतील."

"मग काय, सोवळीच म्हणायची! आणि ते टेबल?"

रमाकांत दाराकडे वळला. टेबलावर साहेबलोक काय खातात ते त्याला रोज दिसत होतं.

"काकू, तुम्ही टेका जरा. मी फळं घेऊन येतो."

तो गेला. काकू गडू उराशी धरून मधोमध उभ्या. गादीवर ठेवावा तर बदक, टेबलावर ठेवावा तर अंडं, खुर्ची कातड्याची, खुंटीवर कोणा साहेबाची विसरलेली टोपी. वर पाहतात तो छताखाली आडवी लांबलचक फळी, खाली पांढरीशुभ्र झालर. 'देवघराच्या चांदव्यासारखंच की!' काकूंनी खुर्चीवर आपली धाबळी अंथरली, हर हर महादेव म्हणत वर चढल्या आणि गडूची दोरी फळीच्या कडीला अडकवली. किती दिवसांनी दोन्ही हात मोकळे झाले.

तो पंखा होता. त्याची दोरी भिंतीच्या भोकातून व्हरांड्यात गेलेली, आणि दुसऱ्या टोकाला मालवणकडचा धोंडू अंगठ्याला दोरी बांधून आडवा. जाता जाता रमाकांत त्याला सांगून गेला होता, "काकूंना उकडू देऊ नकोस हो."

धोंडूनं पाय हलवला. फळी हलली. गडू झुलला.

"अगो बाई! थांब! थांब रे!"

आता धोंडूचा आजवरचा अनुभव असा, की खोलीतून ओरडा आला म्हणजे साहेबाला उकडतंय. हळू ओढ म्हणून कधी कोणी ओरडल्याचं त्याला आठवत नव्हतं. त्यानं दोन्ही पाय लावले.

"अरे मुडद्या, थांब!"

'म्हातारी खूप तापलीसा दिसता,' म्हणत धोंडू उठून बसला आणि हातांनी ओढू लागला. गडू या भिंतीकडून त्या भिंतीकडे, मागे काकू हात पसरून. शेवटी तो पलंगाच्या दांड्यावर आपटला, लाख फुटली आणि भागीरथी बदकांच्या गादीवर अवतरली.

रमाकांत केळी घेऊन आला तो काकू डोक्याला हात लावून बसलेल्या, तेही त्याच गादीवर.

"बसलात?"

"बसले. हिच्याइतकी पवित्र गादी आता मुंबईत नाही." आणि त्यांना रडूच फुटलं. "पळीभर उरली रे! उद्या शंभर माणसं तीर्थाला हात पुढे करतील, त्यांना काय दाखवू? तुझी आई तर टपूनच बसली असेल!"

रमाकांतनं कोपऱ्यातल्या नळाकडे पाहिलं. काकूंनीही पाहिलं. मग दोघांनी एकमेकांकडे पाहायचं टाळलं.

"काकू, पळीभर का होईना, गंगाच आहे ती. तिच्यात पडेल ते गंगाच होणार ना?"

"हे तुझी आई म्हणाली होती."

"मग काय करू?"

काकूंनी गडू त्याच्या हातात दिला. मग त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. "मी काही पाहत नाही. आणि चावी हळू सोड, आवाज ऐकू येतो."

कचेरीतली टपालाची लाख लावून रमाकांतनं गडू बंद केला आणि सवयीनं वर हाटेलचा शिक्काही दाबला.

दुसऱ्या दिवशी सनई-ताशांत काकू वाडीत आल्या. पूजेला बसलेले भटजी लाख फोडता फोडता थबकले. "ही इंग्रजी अक्षरं हो कसली?"

"काशीत तरी आता राज्य कोणाचं आहे?" काकू कडाडल्या. "फोडा!"

तीर्थ वाटलं गेलं. जावेनं ओंजळ ओठांना लावली, डोळे मिटले. "वा! खऱ्या गंगेची चव लपत नाही हो, जाऊबाई म्हणतात ते उगाच नाही. आपल्या विहिरीला जन्मात यायची नाही."

काकूंना ठसका लागला.

वर्षभरानं नळवाले पुन्हा आले, वाडीच्या तोंडाशी बिचकत उभे राहिले. काकू बाहेर आल्या, त्यांना आत घेतलं. नळ बसला तशी त्याच्या चावीवर एक झेंडूचं फूल ठेवलं आणि जावेला म्हणाल्या, "आधी तू भर. देवघरातली गंगा आटलीय, तीत घाल थोडं."