राणीचा आवाज

लवू परबाने ऐन उमेदीची वर्षं दशावतारात राणी केली. तिच्या विलापाला बायका पदर डोळ्यांना लावत. पुढे घशातली गाठ काढली, तिच्याबरोबर आवाज गेला. उरली नुसती कुजबुज. मग कुडाळात त्याने एका खोलीचं दुकान टाकलं. लोकांच्या लग्नाच्या कॅसेटी कम्प्युटरवर घेऊन सीडी करायच्या, आणि शाळांची गॅदरिंगं आली की पोरांचे चेहरे रंगवायचे. दोन्ही कामं एकाच टेबलावर.

त्याच्या राणीची एकच कॅसेट घरात होती. दमट हवेने तिच्यावर पांढरी बुरशी चढली होती. फीत एकदा चालली तर नशीब. नात सृष्टीने आजोबाचा आवाज कधी ऐकलाच नव्हता. तिच्यासाठी तेवढा उतरवून ठेवायचा होता.

पण कम्प्युटर दगा देई. सकाळी झकास चाले. तास-दीड तास गेला की चित्र अडखळे, आवाज तुटे. लवू मग रंगपेटीमागचा टेबलफॅन त्याच्यावर सोडी.

दुरुस्तीवाला सुदेश येई तेव्हा मशीन नुकतं चालू केलेलं.

"लवूकाका, ह्यो तर बरो चलता! माका बघून भियाता काय?"

"तू गेलंस काय रडाक लागता," लवू कुजबुजे.

"वायरस आसतलो."

वायरस काढला. मेमरी वाढवली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. डबा उघडून आत कोणीच पाहिलं नाही.

"गणपती झाले काय निवांत बसान बघूया," सुदेश म्हणाला.

बुरशी थांबणार नव्हती. एके दिवशी सकाळभर कम्प्युटर बंद ठेवून, दुपारी लवूने कॅसेट लावली. विलाप अगदी शेवटी. पुढे पळवायला गेलं तर फीत तुटणार. तो बसून राहिला. राजा आला, राक्षस नाचून गेला. मग राणी आली, आणि चित्र अडखळलं.

लवूने टेबलफॅन पुरा सोडला. बायको मथुरा धावत आली.

"बंद करा तां! जरा थंड होवंदे."

"आता थांबवलंय तर फीत परत लागाची नाय गो."

राणीने तोंड उघडलं. सूर निघाला, तुटला, पुन्हा निघाला. मग पडदा गोठला. व्हीसीआरमध्ये करकर झाली. फीत गुंडाळून तुटली होती.

संध्याकाळी सुदेशने डबा उघडला. आतल्या पंख्यावर आणि त्याखालच्या जाळीवर गुलाबी-पांढरा थर. त्याने बोटाने खरवडून वास घेतला.

"काका, ही तुमची तोंडाची पावडर! टेबलफॅन लावन लावन तुमीच ह्येका भरवलास. गरम झालो काय हळू होतलोच."

त्याने ब्रशने सगळं झाडलं. "आता दिवसभर चलवा. अडकाचो नाय."

खरंच अडकला नाही. लवूने जेवढं उतरलं होतं तेवढं सृष्टीला दाखवलं. राणीचं तोंड उघडं, सुराचा तुकडा, शांतता.

"आजोबा, हय तुमी काय म्हणत होतात?"

लवूने घसा खाकरला. राणीसारखी मान वळवली, हात छातीशी नेला आणि ती ओळ म्हटली.

सृष्टीने कान जवळ आणला.

"मोठ्यान म्हणा ना."