टेबलाखालचा तास

तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या माणसालाही कॉलेजात ‘सर’ किंवा ‘मॅडम’च म्हणतात, त्यामुळे बाहेरच्याला फरक कळत नाही. आम्हाला कळतो. घेतलेल्या तासाचे तेवढे पैसे, बाकी सगळी हौस. मे महिन्यात आपण अस्तित्वात नसतो आणि जूनमध्ये पुन्हा पहिल्यापासून अर्ज करायचा असतो. नाशिकच्या एका खाजगी कॉलेजात, कॉम्प्युटर विभागात, मी हे इतकी वर्षं केलं की ऑफिसातले कारकून मला पाहिलं की न विचारता कोरा अर्ज पुढे सरकवायचे. गेल्या वर्षी संस्थेने आमच्या विभागात कायम प्राध्यापकाची एक जागा भरायचं ठरवलं. ती जागा मला हवी होती. खरं सांगायचं तर ती माझीच आहे असं मी धरून चालले होते, आणि विभागप्रमुख सरांनीही तसं धरून चालू दिलं होतं.

मी नेटवर्किंग शिकवायची. मुलं बरीचशी बाहेरगावची. कळवणची, मालेगावची, काही माझ्या माहेरची, नामपूरकडची. घरी स्वतःचा कॉम्प्युटर असलेली थोडी. त्यांच्यासाठी मी लॅबमध्ये एक सोय केली होती. एका खऱ्या कॉम्प्युटरच्या पोटात दुसरा, नुसत्या सॉफ्टवेअरचा कॉम्प्युटर चालवायचा. खऱ्याला यजमान म्हणायचं, आतल्याला पाहुणा. पाहुणा बिघडला तर पुसून टाकायचा आणि नवा करायचा, म्हणजे मुलं बिनधास्त हात घालतात. या पाहुण्याला नेटवर्कवर आणायच्या दोन पद्धती. एकीत तो यजमानाच्या नावावर बाहेर बोलतो, भाडेकरूची पत्रं घरमालकाच्या पत्त्यावर यावीत तसा. दुसरीला ब्रिज म्हणतात. तीत पाहुण्याला स्वतःचा पत्ता मिळतो आणि लॅबमधली बाकी मशीन त्याला थेट हाक मारू शकतात. आपल्या मशीनच्या पोटातल्या मशीनला शेजारच्याने हाक मारली आणि उत्तर आलं, की मुलांचे चेहरे बघण्यासारखे होतात. मला शिकवायला आवडतं ते या चेहऱ्यांसाठी. हे मी मुलाखतीच्या अर्जात लिहिलं नाही, तिथे असलं काही चालत नाही.

ब्रिज यजमानाच्या एका ठरावीक नेटवर्क कार्डाला बांधावा लागतो. आमच्याकडे त्यातच मेख होती. एका पावसाळ्यात कॉलेजच्या जवळ वीज पडली आणि लॅबमधल्या बऱ्याच मशीनचे मूळचे पोर्ट जळाले. मग संस्थेने सगळ्याच मशीनमध्ये वरून एकेक नवं कार्ड बसवून दिलं. म्हणजे प्रत्येक मशीनच्या पाठीला केबल लावायच्या दोन जागा झाल्या. जुनी काहींची मेलेली, काहींची जिवंत. नवी मात्र सगळ्यांची धड. म्हणून मी सगळे ब्रिज नव्या कार्डाला बांधले आणि त्या पोर्टावर पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा लावला. ही बांधणी बदलायला ॲडमिनचा पासवर्ड लागतो. तासिकावाल्यांना तो देत नाहीत. मी मशीनमागून मशीन फिरायची आणि सर माझ्या मागून येऊन, डाव्या हाताचा आडोसा करून पासवर्ड टाईप करायचे. मी तेव्हा सौजन्य म्हणून खिडकीबाहेर बघायची.

मुलाखती दसऱ्यानंतर कॉलेज उघडेल त्याच दिवशी ठेवल्या होत्या. मुलाखतीत तास घेऊन दाखवायचा होता. वर्गात फळ्यावर घ्यायचा की लॅबमध्ये, हे उमेदवाराने सांगायचं. बाकीच्यांनी वर्ग मागितला. मी लॅब मागितली, आणि विषय दिला ब्रिज.

आता खंडेनवमी. आमच्याकडे त्या दिवशी सगळ्या लॅबची पूजा असते. मेकॅनिकलवाले लेथला हार घालतात, आम्ही मॉनिटरला. विभागात बाई मी एकटी, त्यामुळे वर्षभर जिला मिटिंगला बोलवत नाहीत ती त्या दिवशी घरची लक्ष्मी होते. रांगोळी मी, हळदकुंकू मी, आरतीचं ताट मी. त्या वर्षी समिती येणार म्हणून सरांनी लॅबच्या शिपाईमामांना सांगितलं होतं की लॅब आरशासारखी पाहिजे. मामांनी आदल्या दिवशीच सगळ्या केबल उपसल्या, एकूणएक मशीन पुसलं आणि केबल परत लावल्या. मी रांगोळीत गुंतले होते, मला चकाचक लॅब दिसली, बरं वाटलं. पूजा झाल्यावर हत्याराला दसरा होईपर्यंत हात लावायचा नाही, हा आमचा नियम. कॉम्प्युटरही हत्यारच. त्यामुळे कोणी बटण दाबलं नाही. सरांनी कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली. मुलाखतीच्या दिवशी मी लवकर जाऊन दारात उभी राहिले, पण किल्ली सरांकडे आणि सर समितीला चहा देण्यात. लॅब उघडली ती समितीबरोबरच.

प्राचार्य, संस्थेचे एक पदाधिकारी आणि बाहेरून आलेले विषयतज्ज्ञ, असे तिघे पहिल्या रांगेत बसले. सर दाराशी उभे. मी दोन मशीनवरचे पाहुणे सुरू केले, ब्रिज म्हणजे काय ते सांगितलं आणि एकातून दुसऱ्याला हाक मारली. उत्तर नाही. पाहुण्याचा पत्ता बघितला तर त्याला नेटवर्ककडून काही मिळालंच नव्हतं. असं झालं की तो स्वतःच एक बिनकामाचा पत्ता घेऊन बसतो. शेजारच्या मशीनवर बघितलं, तिथेही तेच.

तज्ज्ञांनी समोरच्या यजमान मशीनवर एक वेबसाईट उघडून बघितली आणि मला म्हणाले, “मॅडम, नेट तर चालू आहे.”

हे वाक्य मी मुलांच्या तोंडून कायम ऐकलंय, आणि त्याचं उत्तर देण्यासाठीच मला शिकवायचा पगार मिळत होता. मी सांगितलं, चालू आहे ते यजमानाचं. पाहुण्याचं का बंद आहे ते आता शोधू. आणि शोधायला लागले, मोठ्याने बोलत, एकेक शक्यता खोडत. पाहुण्याची केबल सेटिंगमध्ये जोडलेली दिसते का? दिसते. पाहुण्याच्या आतली फायरवॉल आड येते का? काढून बघितली, फरक नाही. यजमानाच्या नावावर बाहेर जायची पद्धत लावली तर? लगेच चाललं. म्हणजे पाहुणा ठणठणीत आहे, दुखणं ब्रिजमध्ये आहे. ब्रिज कुठल्या कार्डाला बांधलाय? नव्या. मग यजमान बोलतोय कुठल्या कार्डातून? तिथे नाव जुन्या कार्डाचं होतं.

मग मला कळलं. वाटलं, मामांना हाक मारून तिथल्या तिथे झापावं. खोटं कशाला सांगू, त्या क्षणी मला कोणाच्या वयाचा मान वगैरे काही आठवत नव्हता. पण मामा स्वतःहूनच आत आले आणि मी विचारल्यावर सरळ सांगितलं, “मॅडम, मागं लय घाण व्हती. त्या चिकटपट्ट्या पन काढल्या, पूजेला बऱ्या दिसत नव्हत्या. जिथं लाईट लागली तिथं वायर लावली. नेट आलं ना?”

नेट आलं होतं. त्यांचं काय चुकलं? त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं की या मशीनच्या आत आणखी एक मशीन राहतं.

बांधणी बदलायची तर पासवर्ड हवा, आणि समितीसमोर सरांना बोलावून खिडकीबाहेर बघत उभं राहायचं माझ्या जिवावर आलं. केबल बदलणं माझ्या हातात होतं. मी मुलाखतीसाठी नेसलेल्या साडीचा पदर कमरेला खोचला आणि टेबलाखाली शिरले. तिथे धुळीचा कण नव्हता, मामांनी काम चोख केलं होतं. खालूनच बोलत राहिले: ही जुनी जागा, ही नवी, यजमानाला दोन्ही सारख्याच, पण पाहुण्याचा रस्ता एकाच दारातून जातो आणि ते दार आपण बंद केलं होतं. दोन्ही मशीनच्या केबल फिरवल्या, वर आले, पुन्हा हाक मारली. उत्तर आलं. तज्ज्ञ “वा” म्हणाले. प्राचार्यांनी मान हलवली. मी इतकी वर्षं शिकवलं, पण तो माझा सगळ्यात चांगला तास होता असं मला आजही वाटतं.

नेमणूक दिवाळीच्या सुट्टीनंतर जाहीर झाली. माझी नव्हती. ज्यांची होती त्यांनी वर्गात तास घेतला होता, भिंतीवर चित्रं दाखवून. त्यात ब्रिजचंही एक चित्र होतं म्हणे, छान निळ्या बाणांचं. सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं, बसा म्हणाले. समितीला मी फार आवडले, असं सांगितलं. मग म्हणाले, “पण मॅडम, तज्ज्ञांचं म्हणणं असं पडलं की तुमचा ओढा दुरुस्तीकडे जास्त आहे. शिकवण्यापेक्षा.”

मी म्हटलं, तेच तर शिकवणं होतं. ते म्हणाले, मला कळतं हो, पण बघणाऱ्याला तसं दिसलं नाही ना. आणि मग सुपारी पुढे करावी तसं त्यांनी सांगितलं की प्रयोगशाळा सहायकाची एक जागा आहे, कायमची. मे महिन्यातही आपण असणार, जूनचा अर्ज नाही. फक्त शिकवायचं नाही. समितीनेच माझं नाव सुचवलं होतं, म्हणजे मी आभारच मानायला हवे होते.

मी दोन दिवस मागून घेतले. राग सरांचा होता, तज्ज्ञांचा होता, आणि मुळात कोणी सांगितलं नसताना फुकट लॅब उभी करत बसले म्हणून माझा स्वतःचाही होता. तिसऱ्या दिवशी हो म्हणाले. नामपूरहून आईचा फोन आला, तेव्हा ‘कायम झाले’ एवढंच सांगितलं. ते खोटं नाही. तिने आळीत पेढे वाटले.

नवे सर चांगले आहेत, हीच पंचाईत आहे. वाईट असते तर निदान शिव्या घालता आल्या असत्या. माझ्याशी अदबीने बोलतात, चहा एकट्याने घेत नाहीत. परवा त्यांचा ब्रिजचा तास होता. एका मुलीच्या पाहुण्याला पत्ता मिळेना, म्हणून त्यांनी मला बोलावलं. मी टेबलाखाली गेले. ती मुलगी खाली वाकून मलाच विचारायला लागली, “मॅडम, पण वरचं नेट चालू असताना आतलं बंद कसं?”

मी सांगायला तोंड उघडलं.

“ते मी सांगतो, मॅडम,” नवे सर वरून म्हणाले. आवाजात काही नव्हतं, साधं म्हणाले.

ती मुलगी उठून सरळ बसली. सरांनी सांगितलं ते बरोबर होतं. केबल मी केव्हाच बदलली होती, पण त्यांचं सांगून होईपर्यंत मी खालीच बसून राहिले.