धनाजीरावांच्या छातीतली कळ

सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत बडोद्याच्या पागेत धनाजीराव जमादार म्हणजे मोठं प्रस्थ. मिशी भरघोस, आवाज खणखणीत आणि राग सदा नाकाच्या शेंड्यावर. बिथरलेलं घोडं त्यांच्या एका हाकेला शांत व्हायचं. स्वतःला शांत करणं मात्र या गृहस्थाला जन्मात जमलं नाही.

पन्नाशी उलटली आणि छातीत कळ येऊ लागली. एरवी दबून असायची, नवरात्र बसलं की डोकं वर काढायची. दसऱ्याला तर अंगरखा घामाने भिजायचा. दसऱ्याच्या सरकारी स्वारीत तासन्‌तास खोगिरावर बसल्याने होत असेल, असं म्हणून त्यांनी एक वर्ष रजा घेतली. घरी बसले, तर कळ दुप्पट.

पुढच्या वर्षी नवरात्राच्या तोंडावर पत्नी चिमणाबाईंनी हट्टाने डॉक्टर भास्कररावांना बोलावलं. डॉक्टरांनी छातीला नळी लावली, नाडी पाहिली, पुड्या दिल्या.

"हृदय थकलंय, जमादारसाहेब. जिना बेतानं चढा. पण नेमकं दसऱ्यालाच का दुखतं?"

"मला काय ठाऊक?" धनाजीराव गुरगुरले.

"मला ठाऊक आहे," दाराआडून चिमणाबाई म्हणाल्या. परपुरुषाशी ही बाई कधी बोलत नसे, तेव्हा धनाजीराव बघतच राहिले. "सहा वर्षांपूर्वी स्वारीत धाकट्या भाऊजींचं घोडं यांच्या पुढे लावलं. हुकूम वरचा. भाऊजींचा काय दोष? पण हे त्यांना म्हणाले, माझ्या उंबऱ्याला पाय लावायचा नाही. आणि तेव्हापासून दर दसऱ्याला ओसरीवर बसून राहतात. सुभानराव भाऊजी आपट्याचं सोनं द्यायला येतील म्हणून."

डॉक्टरांना हसू आलं, पण ते त्यांनी आवरलं. "येऊ नको म्हणायचं आणि वाट बघायची, व्वा. वर्षानुवर्षं हे मनात धगधगत ठेवल्यावर हृदयाला ताण नाही पडणार? पुड्या घ्याच. पण असा आणखी एक दसरा काढलात, तर मी खात्री देत नाही."

सोनं द्यायला धाकट्याने थोरल्याकडे जायचं, ही रीत. थोरल्याने धाकट्याची पायरी चढायची म्हणजे मराठ्याचा मान गेलाच समजा. आठ दिवस धनाजीराव धुमसले, जेवणावरून उठले, घोड्यांची देखभाल करणाऱ्या मोतद्दारांवर विनाकारण ओरडले. दसऱ्याला स्वारी परतली तशी कळ आलीच. तेव्हा मात्र ते घाबरले, आणि आपट्याची पानं मुठीत धरून पायीच पाणीगेटला, सुभानरावांच्या घराकडे निघाले. वाटेत दोनदा बसावं लागलं.

दार उघडलं सुभानरावांनी. बघतच राहिले, मग पाया पडायला वाकले. धनाजीरावांनी येताना चांगलं भाषण जुळवलं होतं, हुकूम काय, शिस्त काय. ते गेलं कुठच्या कुठे.

"सुभान, मला भीती वाटते रे. छातीत फार दुखतं. तू जवळ नसताना मरायचं नाही मला."

सुभानरावांनी त्यांना धरून आत बसवलं, पाणी दिलं. "दादा, दर वर्षी मी तुमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत येऊन परत फिरायचो. तुम्ही नको म्हणाला होतात ना."

धनाजीराव लहान मुलासारखे रडले, आणि त्याची त्यांना लाज वाटली नाही.

टांग्यातून भावाला सोबत घेऊनच ते घरी आले. सुभानरावांच्या देखत त्यांनी बायकोपुढे हात जोडले. "तू बोललीस म्हणून. फार उपकार झाले तुझे."

"आधी बसा," चिमणाबाई पदर सावरत म्हणाल्या, "दम लागलाय तुम्हाला."

दुखणं पुरतं गेलं नाही. थकलेलं हृदय ते, नवं थोडंच होणार? पण नऊ वर्षं मिळाली. भास्कररावांना ते दर दसऱ्याला स्वतः सोनं देऊन येत आणि जो भेटेल त्याला सांगत, या माणसाने मला वाचवलं. दहाव्या वर्षी भर दुपारी शेवटची कळ आली, तेव्हा त्यांचं डोकं सुभानरावांच्या मांडीवर होतं.