घटनाकाराचा दाणा

आमच्या घराची राज्यघटना मीच लिहिली आणि ती पहिल्यांदा मोडलीही मीच. यातली दुसरी गोष्ट मी आजवर कोणाला सांगितलेली नाही.

महाराष्ट्र नवा होता, मी नुकताच मॅट्रिक झालो होतो. उत्साह दोघांनाही फार. वडनेरच्या आमच्या घरात बाचा शब्द म्हणजे कायदा. मी चाळीस पानी वहीत घटना लिहून काढली. पहिल्या पानावर, सगळी माणसं समान. दुसऱ्यावर बोलायचं स्वातंत्र्य. (ते आईने त्याच दुपारी वापरलं. नुसत्या बाच्या विड्यांवर दोन तास!) तिसऱ्यावर, बहुमताने निर्णय.

धाकट्या बहिणीने, कमळने, वही नीट वाचली. सातवी पास झाली होती.

"दादा, समान लिवलं हाय नं? मले बुलढाण्याले मास्तरणीच्या ट्रेनिंगले जायचं हाय."

"मत घ्याचं बी लिवलं हाय," बा म्हणाला. "घ्या मत."

लिहिता न येणारे घरात बरेच, म्हणून मतदान दाण्यांनी. हरभरा म्हणजे जाऊ द्या, तूर म्हणजे नको. प्रत्येकाला दोन्ही दाणे; एक झाकल्या तांब्यात टाकायचा, उरलेला चावून खायचा. (पुरावा राहू नये, ही अक्कल माझीच.) आजा, बा, थोरला भाऊ तुरीचे, आई, वहिनी, कमळ हरभऱ्याच्या. सातवा मी.

मी उठलो तसा बा सहज म्हणाला, "ते गेली त वांग्याले पहाटचं पाणी कोन देईन बे?"

मी हरभरा चावून खाल्ला.

चार तुरी, तीन हरभरे. नवरा तुरीचा, म्हणून सगळ्यांनी वहिनीकडे पाहिलं. घटनाकारावर संशय कोण घेणार?

"काऊन वो वैनी?" कमळ म्हणाली.

"माह्या मायची आन, म्या हरभराच टाकला."

बोलायचं स्वातंत्र्य देणारा मी, तोंडात हरभऱ्याचा चुरा धरून गप्प.

कमळने वही उघडली. "दादा, तिसऱ्या पानानं पयलं पान फाडता येते काय?"

मॅट्रिकला हा प्रश्न आला नव्हता.

"मंग मी चालली. हे मतानं ठरत नसते."

सकाळच्या मोटारीने ती गेलीच. आईने भाकरी बांधली. ट्रंक बानेच टपावर चढवली, वर म्हणाला, "पोरगी कायदा शिकली."

वांग्यांना पाणी अर्थात मीच दिलं, पुढची सहा वर्षं. कमळ हेडमास्तरीण झाली. वहिनीशी मात्र ती अजून कामापुरतंच बोलते. वहिनीनेही पुन्हा कधी आण घेतली नाही.

दोघींना समोर बसवून, ती चौथी तूर माझी होती, एवढं सांगण्याचं देणं मी लागतो.