आधी बूट दाखवा

त्या कपड्यांच्या दुकानात शिरलं की समोर गल्ल्यावर मालक, दोन्ही बाजूंना कोटांच्या रांगा, आणि मागच्या हिरव्या पडद्याआडून शिलाई मशीनचा खडखडाट. पडद्याआड टाचणीमावशी. मनगटाला टाचण्यांची गादी, गळ्यात टेप, चष्मा डोळ्यांवर कमी आणि कपाळावर जास्त, आणि तोंडाचा पट्टा मशीनपेक्षा जोरात. कागदोपत्री तिचं काम एवढंच, की विकलेला कपडा गिऱ्हाईकाच्या मापाचा करून द्यायचा. बाही आखूड कर, कंबर आत घे, पॅन्ट खालून दुमड. पण खरं विचाराल तर त्या दुकानातून कोण काय घालून बाहेर पडणार हे मावशीच ठरवायची, आणि मालकांना ते संध्याकाळी कळायचं.

तिचा एक नियम होता. पॅन्टला पहिली टाचणी लावायच्या आधी ती म्हणायची, "आधी बूट दाखवा."

लोक हसायचे. "मावशी, पॅन्ट घ्यायला आलोय, बूट कशाला?"

"पॅन्ट काय हवेत संपते? बुटावरच संपते ना? मग दाखवा."

चपला घालून आलेल्याला ती सरळ घरी पाठवायची. एकदा एका बँक मॅनेजरला पाठवलं होतं. मालकांनी कपाळावर हात मारून घेतला, पण मावशी ढिम्म हलली नाही.

शुक्रवारी दुपारी एक गृहस्थ आले. चाळिशी उलटलेली, हाताच्या नखांत शाई अशी मुरलेली की सात जन्म घासली तरी जाणार नाही. बावीस वर्षं छापखान्यात मशीन चालवली, छापखाना बंद पडला, चार महिने घरी बसले. आता औषधांच्या मोठ्या गोदामात सुपरवायझरची जागा निघाली होती आणि सोमवारी मुलाखत होती. पत्रात लिहिलं होतं, सूट घालून यावं. आयुष्यात पहिल्यांदाच सूट. मालकांनी त्यांना हेरलं आणि चकचकीत निळा, जाकीट असलेला, आतून लाल अस्तराचा सूट अंगावर चढवला. "साहेब, नवरदेव दिसताय!" छापखानेवाले आरशात बघून लाजले. खिशातले सगळेच्या सगळे पैसे त्या सुटात जाणार होते, तरी ते हो म्हणून बसले.

पॅन्टसाठी त्यांना पडद्यामागे पाठवलं. मावशीने चष्मा खाली घेतला, त्या लखलखाटाकडे पाहिलं आणि गप्प बसली. मावशी गप्प बसली की काहीतरी बिनसलंय असं समजावं.

"बूट?"

"हे काय," ते पाय पुढे करत म्हणाले. काळे, चांगल्यापैकी बूट.

"चालून दाखवा. त्या माळ्याच्या तीन पायऱ्या चढा."

पहिल्या पायरीवर टाच बुटातून वर आली. दुसऱ्या पायरीवर बूट मागेच राहिला, आणि आतून घडी घातलेला वर्तमानपत्राचा तुकडा बाहेर पडला. छापखानेवाल्यांचा चेहरा पडला.

"कोणाचे?" मावशीने हळूच विचारलं.

"मेहुण्याचे. एका मापाने मोठे आहेत. तासाभराचाच तर प्रश्न आहे, मावशी."

तासाभराचाच तर प्रश्न आहे. हे वाक्य मावशीच्या काळजात रुतून बसलेलं होतं, कारण एकतीस वर्षांपूर्वी ते तिनेच उच्चारलं होतं.

तेव्हा तिचं नुकतंच लग्न झालं होतं आणि शिवण शिकून हात शिवशिवत होते. नवऱ्याला एका बड्या हॉटेलात, स्वागताच्या टेबलावरच्या जागेसाठी बोलावणं आलं. मावशीने ठरवलं, यांचा सूट मी शिवणार, आणि असा शिवणार की बघणाऱ्याने बघत राहावं. साठवलेले पैसे नेऊन तिने लोकरीचं भारी कापड आणलं, रेशमी अस्तर आणलं, शिंगाची बटणं आणली. बुटांना पैसे उरलेच नाहीत. शेजाऱ्यांचे बूट मागून आणले, तेही एका मापाने लहान. नवरा म्हणाला, "अगं, चावतायत." ती म्हणाली, "तासाभराचाच तर प्रश्न आहे." हॉटेलचं ते लांबलचक दालन नवरा लंगडत पार करून गेला आणि लंगडतच परत आला. नोकरी मिळाली नाही. पुढे तिथल्याच एका ओळखीच्या माणसाकडून कळलं, नावापुढे शेरा होता: पायात दोष. मावशी दोन दिवस रडली. मग नवऱ्याने सिनेमाच्या तिकीटखिडकीत बसून सगळी नोकरी काढली. त्या खिडकीतून कोणाचे पाय दिसत नाहीत. त्याने कधी एका शब्दाने बोल लावला नाही, आणि तेच मावशीला सहन व्हायचं नाही. आपल्या हौसेपायी यांचं नुकसान झालं, हे तिने मनाशी पक्कं करून टाकलं होतं.

तिने छापखानेवाल्यांना खाली बसवलं. "उतरवा तो सूट."

"पण बिल..."

"फाटलं नाही ना अजून? मग उतरवा."

ती आत गेली आणि माळ्याखालच्या जुन्या मालातून एक सूट काढून आणला. गडद राखाडी, साधा, दोन बटणांचा. बाह्या हाताच्या पंजावर येत होत्या, कंबर ढगळ, म्हणून दोन वर्षं कोणी हात लावला नव्हता. मावशीने त्यांना कोट घातला आणि भिंतीला खांदा टेकवून उभं केलं. भिंतीला आधी दंड टेकला, कोटाचा खांदा नाही, म्हणजे खांदा बाहेर आलेला नव्हता.

"बघा. खांदा चपखल आहे. बाही, कंबर, लांबी मी करीन. खांदा चुकला तर ब्रह्मदेव आला तरी काही करू शकत नाही."

"पण हा फार साधा वाटतो."

"साधाच पाहिजे! तो निळा एकदा घातलात की गावभर लक्षात राहतो, दुसऱ्यांदा घालायची सोय नाही. काळा घ्यावा तर दिवसाढवळ्या वाढप्यासारखे दिसाल. हा नोकरीला चालतो, लग्नाला चालतो, कोणी गेलं तर तिथेही चालतो. टाय बदला, काम झालं. आणि किंमत त्याच्या निम्मी. उरलेल्या पैशांत बूट घ्यायचे."

तेवढ्यात मालक पडदा सारून आत आले. निळा सूट खुंटीवर पाहून त्यांचा पारा चढला. "मावशी, तुम्ही इथे नोकरी करता की माझं दुकान बुडवायला येता?"

"दोन्ही जमतं मला," मावशी म्हणाली. "आणि आता मी अर्धा तास बाहेर चाललेय."

अहो, काय बाई होती! पन्नाशी उलटली तरी भीड म्हणून नाही कोणाची, आणि त्यात स्वतःचा एक पैशाचा फायदा नाही.

समोरच्या बुटांच्या दुकानात तिने टोकदार बूट हातानेच बाजूला सारले. साधे काळे, नाडीचे, चामड्याचे काढायला लावले. तळ वाकवून पाहिला, शिलाईवर नख फिरवलं. नुसते चिकटवलेले तिने परत ठेवले. "दुपारी पाय थोडे फुगतात, म्हणून बूट दुपारीच घ्यावेत. मोजे सोमवारी घालणार तेच आहेत ना? बोटांपुढे अंगठ्याएवढी जागा हवी. आता चाला. नाही, तिथपर्यंत नाही, दारापर्यंत." दुकानदार वैतागला, पण पाचव्या जोडाला छापखानेवाले थांबले आणि नुसते हसले. पायाला बूट बसला की माणूस असाच हसतो.

मग मावशीने त्या बुटांवर पॅन्ट दुमडली आणि आत चार बोटं कापड राखून ठेवलं. कंबरेच्या शिवणीतही राखलं. शनिवारी सूट हातात देताना बजावलं, "उद्या दिवसभर घरात बूट घालून हिंडा. बायको ओरडली तर माझं नाव सांगा."

दीड महिना काही खबर नाही. मावशी वरवर मशीन चालवत होती, पण दाराची घंटा वाजली की पडद्याच्या फटीतून तिचा डोळा आधी पायांकडे जायचा. एका शनिवारी ते काळे बूट आले. चकचकीत पॉलिश केलेले.

"मावशी, लागलो कामाला!" छापखानेवाले पडद्यापर्यंतही थांबले नाहीत. "प्रश्न दोनच विचारले हो. बाकी चार मजले पायी हिंडवलं, लिफ्ट बंद होती. माझ्याबरोबरचा उमेदवार तिसऱ्या मजल्यावर खोक्यावर बसला आणि बूट काढून पाय चोळायला लागला. मी खाली आलो तर साहेब म्हणाले, तुम्ही दमला नाहीत?"

डोळे पुसायला मावशी टेपचंच टोक घ्यायला निघाली होती.

"तोच सूट भाचीच्या लग्नाला घातला," ते सांगत होते, "शेजारचे आजोबा गेले तेव्हाही घातला. कोणाच्या ध्यानातही आलं नाही."

"हेच तर हवं होतं," ती कशीबशी म्हणाली.

रविवारी सकाळी नवरा नेहमीप्रमाणे खिडकीपाशी बसून तिच्या आठवड्याच्या सुया ओवून ठेवत होता. तिची नजर आता बारीक कामाला नीट पोचत नव्हती, म्हणून हे काम त्याने आपणहून घेतलं होतं. मावशीने त्याला सगळं सांगितलं, चार मजले, खोक्यावर बसलेला उमेदवार, सगळं. आणि मग एकतीस वर्षांत पहिल्यांदा म्हणाली, "अहो, त्या वेळी मी कापडावर पैसे उधळले नसते तर..."

त्याने सुई खाली ठेवली. "अगं, मला त्या दिवशी तिथे काय विचारलं, माहीत आहे का तुला? मुख्य साहेब टेबलाला वळसा घालून माझ्यापाशी आले. खांद्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, तुमचा शिंपी कोण? मी म्हटलं, माझी बायको. ते म्हणाले, मला असा कोट आजवर कोणी शिवून दिला नाही."

मावशीने चष्मा कपाळावर सारला. "आणि हे मला आज सांगताय?"

"सुटाचं नाव काढलं की तू रडायचीस. मग मी नाव काढायचंच सोडलं. बूट चावत होते गं, पण तेवढा वेळ मी राजासारखा उभा होतो."

तो उठला, कपाटाच्या तळातून कापडात गुंडाळलेला सूट काढला आणि अंगात घातला. पोट सुटलेलं, कोटाचं बटण लागेना, पॅन्टचा हूक तर जवळही येईना. मावशीने चष्मा डोळ्यांवर घेतला आणि दोन्ही हातांनी खांदे चाचपले. एक सुरकुती नव्हती. वीस-बावीस वर्षांच्या पोरीचं काम, पण काय काम होतं! तिने कंबरेची शिवण उलटून पाहिली. आत कापड राखलेलं होतं, चांगलं चार बोटं.

"उभे राहा असेच," ती मनगटाला गादी बांधत म्हणाली. "कंबर सोडून देते."

"आणि या वयात हा घालून जाऊ कुठे?"

"बुटांच्या दुकानात," मावशी म्हणाली. "दुपारी."