गेटासमोरचा रांजण

माझी आत्या जनाबाई गेली तेव्हा मी वागळे इस्टेटमधल्या ऑफिसात होतो. चुलतभाऊ प्रकाशचा फोन आला. "आते गेली रे," एवढंच तो म्हणाला. मग जणू हीच खरी बातमी असावी तसं त्याने पुढे सांगितलं, "गेट उघडत नाहीत. मी विचारून आलो." या गोष्टीला आता काही आठवडे झाले. भेटणारे विचारतात, काय झालं होतं त्यांना? वय झालं होतं, असं मी सांगतो. पण मनात घोळत राहतं ते प्रकाशचं दुसरं वाक्य…

हे गेट आमच्या गावाशेजारच्या लष्करी तळाचं. कल्याणहून रिक्षा डोंगराच्या बाजूला निघाली की आधी टॉवर संपतात, मग वीटभट्ट्या लागतात आणि पुढे तारेचं कुंपण सुरू होतं. गावात तळ हा शब्द कोणी वापरत नाही, नुसतं 'मिल्ट्री' म्हणतात. आमच्या आगरी माणसांची भातशेतं जुन्या लढाईच्या काळात तिथे गेली. लढाई संपली की परत, असं कुणीतरी तोंडी सांगितलं आणि आमच्या पणजोबांनी ते मानलं, कारण शेजारणीला वाटीभर मीठ उसनं दिलं तर आमच्यात कोणी लिहून घेत नाही. आते जन्मभर तोच शब्द वापरायची. जमीन गेली असं तिने कधी म्हटलं नाही. उसनी दिलीय, म्हणायची. गावचं स्मशान तळाच्या पलीकडे, नदीकाठी. त्यामुळे आमच्याकडचं माणूस गेलं की अंत्ययात्रा गेटातून आत शिरायची आणि तळाच्या रस्त्याने मागच्या फाटकातून नदीवर पोहोचायची. पहाऱ्यावरचा जवान आडवा दांडा वर करून सावधान उभा राहायचा. तरुणपणीच गेलेल्या तिच्या नवऱ्यालाही तसंच नेलं होतं. "मना पन गेटाच्या वाटंनं न्या, बास," याहून जास्त तिने कुणाकडे काही मागितलं नाही.

तिला मूलबाळ नव्हतं. तळावरच्या क्वार्टर्समध्ये भाजी घालून ती जगली आणि माझं शिक्षणही त्यातूनच तिने केलं. गेटासमोरच्या चिंचेखाली तिने एक रांजण ठेवला होता, रोज सकाळी तो विहिरीच्या पाण्याने भरायची. पाणी पिऊन झालं की जवान तिला नमस्कार करायचे. उन्हात बंदूक घेऊन उभी असलेली पोरं कुणाची का असेनात, तहान तर सगळ्यांना सारखीच, असं तिचं म्हणणं. भाजीच्या पाटीत एक जादा डबा असायचा, पहाऱ्यावरच्यांसाठी. त्यात तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी. ठाकूर नावाच्या पहाडी हवालदाराने एकदा तो डबा घासूनपुसून परत दिला. आतेने तो उघडून पाहिला आणि ती गेटावरच उभी राहिली.

"ए ठाकूर, डब्बा खाली कायको दिया?"

"धो के दिया है, माताजी."

"धोया तो क्या मेहेरबानी किया? दुसरे का बर्तन खाली वापस करते क्या? तुज्या आयनं कायच शिकवला नाय?"

ठाकूर आत गेला आणि मेसमधून मूठभर साखर घेऊन आला. तेव्हापासून ती रीतच पडली. बदली होऊन जाणारे जवान नव्याने येणाऱ्यांना सांगून जायचे, इथल्या म्हातारीचा डबा रिकामा द्यायचा नाही. कधी अक्रोड यायचे, कधी दोन लाडू, आणि काहीच नसेल तर आतल्या बागेतलं झेंडूचं फूल. ठाकूरने एकदा आपल्या मुलाची जुनी इंग्रजीची पुस्तकं दिली. डब्यात मावेनात म्हणून झाकणावर सुतळीने बांधली होती. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. माझं इंग्रजी त्या डब्यावर बसून घरी आलं, हे मी कधी विसरलेलो नाही. म्हणून आज तळाविरुद्ध जाणारं हे लिहिणं मला सोपं नाही…

नदी गावात शिरली त्या पावसाळ्यात क्वार्टर्समध्येही कमरेएवढं पाणी होतं. गावाने जवानांच्या बायकापोरांना उंचावरच्या देवळात आणि शाळेत आणून ठेवलं. घरोघरी भाकऱ्या थापल्या जात होत्या आणि कुणाच्या चुलीवर किती, ते आते ठरवत होती. पाणी ओसरल्यावर एक साहेब आभार मानायला आले. ती म्हणाली, "आमच्या उसन्या जागेत ऱ्हाता तुमी, मंग आमीच बगनार ना?" साहेब मनापासून हसले. त्यांना तो विनोद वाटला.

पुढे तळ हलणार अशी बोलवा उठली आणि बिल्डरांच्या गाड्या गावात फिरू लागल्या. पारावर पोरं तिला चिडवायची, "आते, तुझी मिल्ट्री तुला पेन्शन देनार हाय का?" ती म्हणायची, "आनि तुजा बिल्डर पानी पिऊन झाल्यावर नमस्कार करनार हाय का रं?" ती घरोघरी फिरली. तळ इथेच राहावा असा ठराव गावाने केला, त्यात निम्मी चिकाटी तिची. तिला वाटायचं, उसनं दिलेलं एक दिवस परत येतं, पण विकलेलं येत नाही. ठरावामुळे की कशामुळे कोण जाणे, तळ राहिला. नाक्यावर 'देशभक्त गाव' असे बॅनर लागले. त्यावर पुढाऱ्यांचे फोटो होते, आणि त्यांच्यातल्या एकानेही त्या रांजणात कधी तांब्याभर पाणी ओतलेलं नव्हतं.

मग सुरक्षेसाठी कुंपण पुढे सरकलं. चिंच आत गेली, रांजण आत गेला, गावाची वाट बंद झाली. बाहेरचं खाणं घ्यायचं नाही असाही हुकूम आला. आते नेहमीसारखी डबा घेऊन गेली. नव्या जवानाने हात जोडले आणि डबा उघडलाही नाही. ती तो तसाच घरी घेऊन आली. डबा रिकामा परत आला असता तर तिने गेट डोक्यावर घेतलं असतं. भरलेला परत आला, त्यावर काय बोलायचं हे तिला ठाऊकच नव्हतं. त्या दिवशी ती भाकरी तिनेच खाल्ली. नंतर ती गेटाकडे गेली नाही.

ती गेली त्या दुपारी प्रकाशला गेटावर सांगितलं, अर्ज द्या, वरून परवानगी येईल. कधी? ते सांगता येत नाही. बाहेरून वळसा इतका लांबचा की खांद्यावरून नेणं शक्य नव्हतं. तिला टेम्पोत ठेवलं. वीटभट्ट्यांमागून, कचऱ्याच्या ढिगाला वळसा घालून, नाल्याच्या कडेने आम्ही नदीवर गेलो. खड्ड्यात चाक गेलं की प्रकाश तिचं डोकं धरायचा, जणू तिला लागेल…

बारावं झाल्यावर मी गेटावर गेलो. तिची एक तरी वस्तू घरात असावी, म्हणून रांजण मागायला. तो तारेपलीकडे दिसत होता. त्याला खाली गेरू, वर चुना लावलेला. मधोमध काळ्या रंगात नंबर. आत माती भरून लावलेली सदाफुली.

"वो सरकारी है, भाईसाब," पहाऱ्यावरचा जवान म्हणाला. उद्धटपणे नाही, समजावून सांगितल्यासारखं.

मी म्हटलं, "हमारा है. उसना दिया था."

"उसना मतलब?"

मला शब्द सापडेना. उधार म्हणावं, तर ते उसनं नव्हे. ठाकूरच्या पुस्तकांतही त्याला शब्द नव्हता. ऊन चांगलंच चढलं होतं. जवानाची वर्दी घामाने भिजली होती. त्याने पायाशी ठेवलेली प्लास्टिकची बाटली उचलली, तोंडावर उलटी धरली, शेवटचा थेंब पडेपर्यंत तशीच धरून ठेवली आणि रिकामी परत खाली ठेवली.