भात्यावरचा हात

नांदेडला होते तोवर आठवड्यातून दोनदा मी सरांकडे पेटी शिकायला जायचे. सर शाळेतून संगीत शिक्षक म्हणून निवृत्त झालेले. त्यांच्यासमोर बसायचं आहे या धाकानं का होईना, घरी बोटं फिरायची. मग नवऱ्याची बदली झाली, आम्ही लातूरला आलो. मी एका खाजगी क्लासमध्ये फिजिक्स शिकवायला लागले आणि तो धाकच गेला.

पहाटे उठून पेटीसमोर बसायचे. सा धरला की आठवायचं, मोटार चालू करायची राहिली. टाकी भरून परत यावं तर कुणातरी पालकाचा फोन. तो संपवून पलटे सुरू करावेत तर डोक्यात पहिल्या तासाची गणितं. थोड्या वेळानं पेटीवर कापड टाकून उठायचे आणि मग दिवसभर नुसती चिडचिड. नवरा म्हणाला, "होत नसंल तर सोडून दे ना. कुणी परीक्षा घेणार हाय का?" पण सोडवतही नव्हतं.

सरांना फोनवर सांगितलं, बसवत नाही म्हणून. ते म्हणाले, "पेटी झाकूच नको. उघडी दिसली की हात जातो." उघडी ठेवली. तिच्यावर वाळलेल्या कपड्यांचा ढीग जमला.

दिवाळीनंतर काकूंचा, म्हणजे सरांच्या बायकोचा, फोन आला. सरांची डावी बाजू लुळी पडली होती. दवाखान्यातून घरी आणलं होतं, पण ते कुणाशी धड बोलत नव्हते. रविवारी सकाळच्या एसटीनं मी नांदेड गाठलं.

सर दिवाणावर उशीला टेकून बसले होते. डावा हात कुणीतरी आणून मांडीवर ठेवल्यासारखा. मी तब्येतीचं विचारलं. "पेटी आण," एवढंच म्हणाले.

"सकाळपासून तेच लावून राहिलेत," काकू म्हणाल्या. "एका हातानं कशी वाजणार, तूच सांग."

मी पेटी दिवाणावर ठेवली. सरांनी उजवा हात पट्ट्यांवर ठेवला आणि म्हणाले, "भाता तू मार."

मी त्यांच्यासमोर बसले. भाता माझ्याकडे, सूर त्यांच्याकडे. पहिला सूर किंचाळलाच. "हळू," ते म्हणाले. हळू केलं तर तो मधेच विझला. भूप वाजवत होते, माझा वर्षानुवर्षं घोटलेला. तरी ते कुठं रेंगाळतील, कुठं जोर घेतील, मला कळेना. हवा कमी पडली की सर थांबायचे आणि नुसते माझ्याकडे बघायचे. मला घाम फुटला. मनगट भरून आलं, तेव्हा हात बदलून घेतला. पण त्या सगळ्या वेळात मला फोन आठवला नाही, की परतीची गाडी आठवली नाही.

निघताना सर म्हणाले, "पुढच्या रविवारी यमन. मी कुठं निघालो ते तुझ्या हाताला आधी कळलं पाहिजे. घरून वाजवून ये."

दुसऱ्या दिवशी पहाटे मी पेटीवरचे कपडे उचलून खाटेवर टाकले. नवऱ्याला म्हटलं, "मोटारीचं तुम्ही बघा." मन तेव्हाही भटकतच होतं, पण भटकून नांदेडलाच जात होतं. या गंधारावर सर थांबतील का? की दम न घेता पुढं जातील? एकच ओळ मी कमी-जास्त हवेनं वाजवून बघायचे. रविवारी निम्मे अंदाज चुकायचे. चुकलेले घेऊन लातूरला परत यायचं आणि पुन्हा बसायचं.

हिवाळा असाच गेला. उन्हं तापायला लागली तसा सरांच्या डाव्या बोटांना भाता धरता यायला लागला. हवा तुटक जायची, पण भाता त्यांचा तेच मारत होते. एका रविवारी त्यांनी माझा हात बाजूला केला. "सोड आता. किती धावपळ करून राहिलीस. दर रविवारी येणं बंद कर."

मला आनंद झाला, आणि थोडं लागलंही. "मग मी घरी वाजवू कशासाठी?" मी विचारलं.

"ते मला काय माहीत?" सर म्हणाले. "मला वाजवल्याबिगर करमत न्हाई, एवढं माहीत हाय."

पुढचे काही दिवस मी पेटीकडे फिरकले नाही. एका संध्याकाळी क्लासमधून डोकं भणभणत आले ते हातपाय न धुताच बसले. यमन लावला. वाईट वाजत होता. सर इथं काय करतील याचा अंदाज बांधायची सवय लागली होती, ती मोडून मी काय करणार आहे ते शोधायला लागले, आणि काहीच सुचेना. स्वयंपाकघरातून नवऱ्यानं जेवणाचं विचारलं. ऐकू आलं, पण ओ दिली नाही.

बेचैनी गेली असं नाही. अजूनही यमनच्या मधूनच उठते, उगाच दारापर्यंत जाते, बाहेर बघते. पण हल्ली परत येऊन बसते.